काम गेल्यानंतर : बेकारी साहाय्याची भारतीय रचना आणि तिच्या मर्यादा

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये असे निर्देशित केले आहे की, राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण व अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करावी. हे राज्यधोरणाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. त्यामुळे ज्याचे काम गेले किंवा ज्याच्या कामाचे तास घटले, त्याला प्रत्यक्षात काय मिळते हे संसदेचे कायदे आणि शासनाच्या योजना यांवरून ठरते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात हा विषय 'सामाजिक सुरक्षा' या घटकात येतो. विद्यार्थी बहुधा योजनांची नावे व वर्षे पाठ करतात. त्या परस्परांशी कशा जोडल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये कोणती पोकळी राहिली आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात तीच जोडणी उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन संकल्पनांतील भेद

सर्वप्रथम तीन संकल्पना वेगळ्या कराव्या लागतील. पहिली, बेकारी विमा. यात कामगार, मालक किंवा दोघेही नियमित अंशदान भरतात आणि काम गेल्यास त्या निधीतून ठरावीक काळ रोख साहाय्य मिळते. अंशदान भरलेले असल्याने हे साहाय्य उपकार न राहता हक्क ठरतो. दुसरी, बेकारी भत्ता. हा कररूपी महसुलातून दिला जातो. तो मिळण्यासाठी पूर्वी नोकरी केलेली असणे आवश्यक नसते. तिसरी, मालकाची भरपाई. यात काम देऊ न शकणाऱ्या किंवा कामावरून कमी करणाऱ्या मालकावरच कायद्याने रक्कम देण्याचे बंधन असते.

जगात या तिन्ही वाटा वापरल्या गेल्या. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने निवडक उद्योगांतील कामगारांसाठी सक्तीचा बेकारी विमा सुरू केला. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने संघशासन व घटक राज्ये यांच्या सहकार्यातून बेकारी विम्याची व्यवस्था उभी राहिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या करार क्रमांक १०२ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या ज्या नऊ शाखा सांगितल्या आहेत, त्यांत बेकारी साहाय्य ही एक स्वतंत्र शाखा आहे.

भारताने मात्र आरंभी तिसऱ्या वाटेवर, म्हणजे मालकाच्या भरपाईवर, भर दिला. विम्याची वाट खुली झाली ती फार उशिरा आणि तीही अंशतः.

आदारकर अहवाल ते १९५३ ची दुरुस्ती

१९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. या अहवालाच्या पायावर पुढे राज्य कामगार विमा कायदा, १९४८ संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेची अंमलबजावणी सुरू झाली. महाराष्ट्रातील नागपूर व मुंबई येथील कामगारांना १९५४ पासून तिचा लाभ मिळू लागला.

या कायद्याच्या कलम ४६ मध्ये आजारपण, प्रसूती, कामावरील अपघाताने आलेले अपंगत्व, अवलंबितांचा लाभ, वैद्यकीय उपचार आणि अंत्यविधीचा खर्च असे लाभ नमूद होते. बेकारीचा त्यांत समावेश नव्हता. आजारी कामगाराला विमा होता, निरोगी पण बेकार झालेल्या कामगाराला तो नव्हता.

ही उणीव काही अंशी औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधील १९५३ च्या दुरुस्तीने भरून काढली. या दुरुस्तीने 'ले-ऑफ' आणि 'कामगार कपात' या दोन्ही प्रसंगी मालकाने द्यावयाची भरपाई निश्चित केली. कच्चा माल, कोळसा किंवा वीज यांची टंचाई, मालाचा साठा पडून राहणे, यंत्राचा बिघाड अशा कारणांनी हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला मालक काम देऊ शकत नाही, तेव्हा तो ले-ऑफ होय. यात नोकरीचे नाते टिकून असते. कपातीत ते नाते संपते. परीक्षेत या दोन संज्ञांची गल्लत वारंवार होते. टाळेबंदी ही तिसरी संज्ञा. ती विवादातील दडपणाचे साधन म्हणून मालकाने केलेली कृती असते.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने १९४७ च्या कायद्याची जागा घेतली. ले-ऑफ व कपातीच्या भरपाईची मूळ चौकट संहितेने कायम ठेवली आहे. मात्र ले-ऑफ, कपात वा कारखाना बंद करणे यांसाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरणारी कामगारसंख्येची मर्यादा १०० वरून ३०० करण्यात आली. हीच मर्यादा १९७६ मध्ये प्रथम ३०० ठरवली होती आणि १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली होती, हेही लक्षात ठेवावे.

विम्याचा उशिरा झालेला प्रवेश

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतरच्या काळात अनेक गिरण्या बंद पडल्या आणि मालकच दिवाळखोर झाल्यास मालकाकडून मिळावयाच्या भरपाईचा काय उपयोग, हा प्रश्न उघडा पडला. केंद्र शासनाने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू केली. कायमच्या बंद झालेल्या गिरण्यांतील पात्र कामगारांना पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य असे तिचे स्वरूप होते. ही एका उद्योगापुरती व्यवस्था होती. तिला विमा म्हणता येत नव्हते.

कामगार विम्याच्या निधीतून बेकारांना रोख साहाय्य देणारी पहिली योजना १ एप्रिल २००५ पासून सुरू झाली. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना असे तिचे नाव. कारखाना बंद पडणे, कपात, अथवा कामाबाहेरील इजेमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येणे या तीन कारणांनी काम गेलेला विमाधारक तिला पात्र ठरतो. आरंभी पाच वर्षांच्या अंशदानाची अट होती आणि साहाय्य सहा महिन्यांपुरते होते. पुढे अट दोन वर्षांवर आली आणि मुदत २४ महिन्यांपर्यंत वाढली. पहिले १२ महिने सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के व नंतरचे १२ महिने २५ टक्के.

दुसरी योजना १ जुलै २०१८ रोजी सुरू झालेली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होय. बेकारीच्या कारणांची व्याप्ती येथे अधिक आहे. परंतु साहाय्य आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचे. मूळ दर सरासरी दैनिक उत्पन्नाच्या २५ टक्के होता. कोविड साथीच्या काळात, २४ मार्च २०२० पासून लागू केलेल्या सवलतीनुसार तो ५० टक्के झाला. काम गेल्यानंतर ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा देय ठरू लागला आणि मालकामार्फत दावा पाठवण्याचे बंधन जाऊन कामगाराला थेट शाखा कार्यालयाकडे दावा करता येऊ लागला. ही सवलत प्रारंभी ३१ डिसेंबर २०२० पर्यंत होती. त्यानंतर तिला वेळोवेळी मुदतवाढ देण्यात आली.

या दोन्ही योजनांसाठी कामगाराकडून वेगळे अंशदान घेतले जात नाही. कामगार विम्याचे जे अंशदान १ जुलै २०१९ पासून वेतनाच्या ४ टक्के, म्हणजे मालकाचे ३.२५ व कामगाराचे ०.७५ टक्के, असे ठरले, त्यातूनच हा खर्च भागवला जातो. विम्याच्या कक्षेत येण्यासाठी मासिक वेतनाची २१,००० रुपयांची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली.

इंदिरानगरातील एक उदाहरण

ही सर्व चौकट एका ठिकाणी ठेवून पाहू. यासाठी लखनौ शहरातील इंदिरानगर ही मोठी निवासी वसाहत घेऊ. तिच्या जवळच देवा मार्गावर चिनहटचा औद्योगिक परिसर आहे, जुन्या शहरात चिकनकामाचा घरगुती व्यवसाय आहे आणि उत्तर प्रदेश राज्याने बेकारी भत्त्याचा प्रयोगही केला आहे. विमा, भरपाई व भत्ता या तिन्ही वाटा येथे एकत्र दिसतात. कामगार विम्याची योजना केंद्रीय असल्याने भोसरी किंवा बुटीबोरी येथील कामगारालाही हाच हिशेब लागू पडतो. पुढील व्यक्ती व आकडे काल्पनिक आहेत. नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

समजा, ८० कामगारांच्या एका कारखान्यात इंदिरानगरातील एक कायम कामगार सहा वर्षे काम करीत आहे. त्याचे मासिक वेतन १८,००० रुपये असून त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आहेत. मागणी घटल्याने कारखाना तीन टप्प्यांनी अडचणीत येतो.

पहिला टप्पा : कामाचे तास घटतात. कामगार पाळीच्या आरंभी हजर झाला असता त्याला पाळीच्या उत्तरार्धात येण्यास सांगितले व तेव्हा काम दिले, तर कायद्याच्या दृष्टीने तो अर्ध्या दिवसापुरता ले-ऑफ ठरतो. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरल्यास मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून त्याचा दैनिक दर सुमारे ४६२ रुपये होतो. केलेल्या अर्ध्या दिवसाचे २३१ रुपये आणि न मिळालेल्या अर्ध्या दिवसाच्या निम्मे म्हणजे ११५ रुपये, असे सुमारे ३४६ रुपये त्याला मिळावयास हवेत. दैनिक दराच्या हे तीन-चतुर्थांश होतात. मालकाला कामाचे तास रीतसर बदलावयाचे असतील, तर २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. या टप्प्यावर विमा योजनेतून काहीही मिळत नाही, कारण तो बेकार नाही.

दुसरा टप्पा : पूर्ण ले-ऑफ. एक वर्षाची अखंड सेवा असलेल्या आणि बदली किंवा नैमित्तिक नसलेल्या कामगाराला ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई मिळते. साप्ताहिक सुट्या वगळून ४५ दिवसांची ही भरपाई सुमारे १०,३८५ रुपये होते. बारा महिन्यांत ४५ दिवसांपुढील भरपाई देय नाही असा करार मालक व कामगार यांच्यात झालेला असल्यास ती तेथे थांबते. या काळात कामगाराने नेमलेल्या वेळी हजेरी लावणे आवश्यक असते. हजेरी चुकली तर त्या दिवसाची भरपाई बुडते.

तिसरा टप्पा : कपात. एक महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन इतकी भरपाई मालकाने द्यावयाची असते. नव्या संहितेनुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी १५ दिवसांच्या शेवटच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत जमा करून ती कपातीपासून ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात वळती करावयाची आहे. याखेरीज आपला कामगार २००५ च्या योजनेखाली २४ महिन्यांपर्यंतच्या साहाय्यास पात्र ठरतो.

आता त्याच कारखान्यातील, तेवढेच वेतन घेणारा, ठरावीक मुदतीच्या करारावरील दुसरा कामगार पाहू. मुदत संपल्यावर करार न वाढवणे ही कायद्याच्या व्याख्येत कपात नाही. म्हणून कपातीची भरपाई नाही आणि २००५ च्या योजनेचा लाभही नाही. त्याच्यासाठी २०१८ ची योजना उरते. चार अंशदान कालावधींतील एकूण उत्पन्नाला ७३० ने भागून सरासरी दैनिक उत्पन्न काढले जाते. १८,००० रुपयांप्रमाणे २४ महिन्यांचे ४,३२,००० रुपये. दैनिक सरासरी सुमारे ५९२ रुपये. ५० टक्के दराने ९० दिवसांचे साहाय्य सुमारे २६,६३० रुपये होईल. मूळ २५ टक्के दराने ते १३,३१५ रुपये भरेल. दोघांचे काम एकाच दिवशी गेले, दोघांच्या घरातील चूल सारखीच अडली. पण एकाला दोन वर्षांपर्यंत आधार आहे आणि दुसऱ्याला तीन महिने.

तिसरी व्यक्ती घरी बसून तुकड्याप्रमाणे चिकनचे भरतकाम करणारी महिला. व्यापाऱ्याने काम देणे थांबवले, तर तिच्याबाबत ले-ऑफ नाही, कपात नाही आणि विमाही नाही. चौथा आहे सुशिक्षित बेकार तरुण. उत्तर प्रदेशात २००६ मध्ये दरमहा ५०० रुपये व २०१२ मध्ये दरमहा १,००० रुपये बेकारी भत्त्याची योजना आली. रोजगार कार्यालयातील नोंदणी हा तिचा आधार होता. दोन्ही वेळा ती काही काळाने बंद झाली. कररूपी महसुलावर चालणारा भत्ता शासनाच्या प्राधान्यक्रमाबरोबर बदलतो. अंशदानावर उभा असलेला विमा तुलनेने टिकाऊ असतो. हा भेद या उदाहरणातून स्पष्ट व्हावा.

दावा कशावर उभा राहतो

वरील चार व्यक्तींत गरजेचा फरक फारसा नाही, फरक आहे तो नोंदीचा. काम गेले एवढे सिद्ध करणे पुरेसे नाही. ते कोणत्या कारणाने गेले आणि त्याआधी अंशदान भरले गेले होते का, हे दाखवावे लागते. अंशदान कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. २०१८ च्या योजनेत मूळ अट चारही कालावधींत प्रत्येकी किमान ७८ दिवसांच्या अंशदानाची होती. सवलतीनंतर बेकारीच्या लगतच्या कालावधीत ७८ दिवस आणि उरलेल्या तीनपैकी एका कालावधीत ७८ दिवस, इतकी ती शिथिल झाली. विमा क्रमांकाशी आधार व बँक खात्याची जोडणी असावी लागते, कारण रक्कम थेट खात्यात जमा होते.

गैरवर्तनाबद्दलची शिक्षा, नियत वयोमान किंवा स्वेच्छानिवृत्ती यांमुळे काम गेले असल्यास हे साहाय्य मिळत नाही. कपात करण्याऐवजी कामगाराकडून राजीनामा लिहून घेण्याची प्रथा अनेक लहान कारखान्यांत आढळते. राजीनामा म्हणजे कपात नव्हे. एका सहीने कामगार कपातीची भरपाई आणि २००५ च्या योजनेतील दोन वर्षांचा आधार, दोन्ही गमावून बसतो. नोटीस, वेतनचिठ्ठी, हजेरीची नोंद व विमा ओळखपत्र ही कागदपत्रे म्हणूनच त्याची खरी शिदोरी असते. भविष्य निर्वाह निधीतून या काळात काढलेली रक्कम ही कामगाराची स्वतःची बचत आहे. तिला बेकारी साहाय्य मानणे चूक ठरेल.

ग्रामीण हमी आणि शहरी पोकळी

ग्रामीण भागासाठी भारताने वेगळा मार्ग निवडला. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा, १९७७ हा वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेला. त्यात मागूनही काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती. केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात १५ दिवसांत काम न दिल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व नंतर किमान निम्मा भत्ता ठरवला होता. येथे भत्ता ही शासनाने काम न देण्याची किंमत होती. शहरातील घरगुती कारागिराला अशी हमी लाभली नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हीदेखील २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने १९४८ च्या कायद्याची जागा घेतली, गिग व मंचाधारित कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली आणि त्यांच्या निधीसाठी संबंधित मंचांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान देण्याची तरतूद केली. तथापि बेकारी साहाय्य हा कायद्याने नमूद केलेला मूळ लाभ न राहता योजनेच्या स्वरूपातच राहिला आहे. कायद्यातील लाभ बदलण्यास संसद लागते. योजनेची मुदत अधिसूचनेने वाढते आणि अधिसूचनेअभावी संपतेही.

मूल्यमापन

बेकारी विम्यावर नेहमी दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, साहाय्य मिळत असल्यास माणूस नवे काम शोधण्यात ढिलाई करील. अर्थशास्त्रात यास नैतिक धोका म्हणतात. साहाय्याची मर्यादित मुदत आणि निम्म्याहून अधिक नसलेला दर पाहता आपल्याकडे हा धोका अल्प आहे. दुसरा आक्षेप, बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात असताना मूठभरांचा विमा कशासाठी? हा आक्षेप गंभीर आहे. पण त्याचे उत्तर आहे तो विमा काढून घेणे नव्हे, तर नोंदीची कक्षा वाढवणे हे आहे.

याउलट विम्याचा लाभ व्यक्तीपुरता मर्यादित नसतो. मंदीत रोजगार घटला की निधीतून खर्च आपोआप वाढतो आणि बाजारातील मागणी सावरली जाते. म्हणून त्यास स्वयंचलित स्थैर्यकारक म्हणतात. जर्मनीत तर कामाचे तास घटले तरी गमावलेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के, इतके साहाय्य सार्वजनिक विम्यातून मिळते. त्यामुळे मालक कामगाराला काढून न टाकता टिकवून ठेवतो. आपल्या व्यवस्थेत तास घटण्याचा भार मालकावर व कामगारावरच पडतो, विमा निधी नोकरी पूर्ण गेल्यावरच पुढे येतो. नोकरी वाचवण्याच्या टप्प्यावर निधी हात देत नाही, ही आपल्या रचनेतील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

तात्पर्य, अनुच्छेद ४१ मधील आश्वासन गरजेच्या भाषेत लिहिले आहे, तर त्याची अंमलबजावणी नोंदीच्या भाषेत होते. या दोहोंतील अंतर कमी करावयाचे असेल, तर तीन गोष्टी घडाव्या लागतील : कराराच्या व कपातीच्या कामगारांना समान मुदतीचे साहाय्य, घटलेल्या तासांसाठी अंशतः बेकारी विमा, आणि बेकारी साहाय्याला योजनेऐवजी कायद्यातील लाभाचे स्थान. उत्तरपत्रिकेत योजनांची यादी देऊन थांबणाऱ्या विद्यार्थ्याने या अंगाने विचार केल्यास उत्तराला खोली येईल.

सरावासाठी प्रश्न

१. ले-ऑफ, कामगार कपात व टाळेबंदी यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. बेकारी विमा आणि बेकारी भत्ता यांची वित्तपुरवठा, पात्रता व टिकाऊपणा या निकषांवर तुलना करा.

३. 'कामाचे तास घटलेला कामगार भारतीय सामाजिक सुरक्षेच्या दृष्टीने अदृश्य आहे.' या विधानाची चिकित्सा करा.